पार्श्वभूमी : मुंबईचा ‘रेड अलर्ट’

पावसाळ्यात रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास मुंबईतल्या शाळांच्या पालक-ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो : उद्या रेड आहे की ऑरेंज? कुणी नकाशाचा स्क्रीनशॉट टाकतं, कुणी वृत्तवाहिनीची क्लिप, तर कुणी गेल्या वर्षीचा सुट्टीचा आदेश तारीख न बघताच पुढे पाठवतं. पाऊस किती पडणार, हे कुणी विचारत नाही. विचारतात तो रंग. पावसाच्या अंदाजाचं असं रंगात रूपांतर कसं झालं, त्याची ही पार्श्वभूमी.

जुना इतिहास थोडक्यात. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची. शहरातल्या ट्राम विजेवर जाणार म्हटल्यावर तिथल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडतील या धास्तीनं ते काम १९०४मध्ये अलिबागला हलवलं गेलं. म्हणजे नव्या तंत्रज्ञानानं जुन्या उपकरणांना समुद्रापार घालवलं. पाऊसमापक मात्र कुलाब्यातच राहिला. पुढे विमानतळाजवळ सांताक्रूझचं केंद्र आलं आणि ‘मुंबईत आज किती पाऊस झाला?’ या प्रश्नाला तेव्हापासून दोन उत्तरं मिळू लागली.

त्या दोन उत्तरांत किती अंतर पडू शकतं, ते २६ जुलै २००५ला कळलं. त्या दिवसाबद्दल नव्यानं सांगायची गरज नाही, मुंबईत ज्याच्या त्याच्याकडे स्वतःची एक गोष्ट आहे. फक्त आकडे : २४ तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिमी, कुलाब्याला ७३.४. मध्ये अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. शहराचा कारभार जिथून चालतो त्या दक्षिण टोकाला नेहमीचा पाऊस होता आणि कालिना-कुर्ल्यात तळमजले पाण्याखाली होते. आणखी एक बारीकशी गोष्ट : हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. त्यामुळे सरकारी नोंदवहीत हा पाऊस २७ जुलैच्या तारखेला लागतो. हा साडेआठचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतर यंत्रं आली. अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवणारे स्वयंचलित पाऊसमापक बसले, २०१०च्या सुमारास कुलाब्यात ढगांतला पाऊस आणि त्यांची हालचाल दुरून टिपणारं डॉप्लर रडार उभं राहिलं, जून २०२०मध्ये शहरासाठी पूर-इशाऱ्याची वेगळी प्रणाली सुरू झाली. दुसरं रडार जोगेश्वरी-अंधेरीच्या वेरावली टेकडीवर जानेवारी २०२२मध्ये सुरू झालं. म्हणजे दहा-बारा वर्षं दोन कोटींच्या आसपासच्या महानगर प्रदेशाचा भरवसा एका रडारवर होता. ते दुरुस्तीला गेलं की ढगांच्या बाबतीत शहर आंधळं. गटारांची कथा तर त्याहून जुनी. तासाला २५ मिमी पाऊस, तोही ओहोटी असताना, एवढीच त्यांची ताकद असल्याचं आणि ती ५० मिमीपर्यंत न्यायला हवी असल्याचं १९९३च्या अहवालातच सांगितलेलं होतं.

आता रंगांकडे. सगळा गुंता इथे आहे.

हवामान खात्याचा तक्ता चार रंगांचा. हिरवा : इशारा नाही. पिवळा : ‘वॉच’, म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी : ‘अलर्ट’, सज्ज राहा. लाल : ‘वॉर्निंग’, कृती करा. नीट बघितलं तर ‘अलर्ट’ हा शब्द एकट्या नारिंगीचा आहे. ‘ऑरेंज अलर्ट’ बरोबर, पण ‘यलो अलर्ट’ आणि ‘रेड अलर्ट’ हे तक्त्यातले शब्दच नाहीत. ते बातम्यांच्या पट्टीवर घडले, आणि आता खात्यातले लोकही बोलताना तेच म्हणतात. हा निव्वळ शब्दांचा कीस वाटेल, पण तसं नाही. मुंबईकराच्या कानावर ‘रेड अलर्ट’ आणि ‘हाय अलर्ट’ हे शब्द पडले ते बॉम्बस्फोट, नाकाबंदी, रेल्वे स्थानकावरची बॅग-तपासणी यांच्या सोबतीनं. पावसाच्या वाट्याला तो शब्द आला तो भीतीसकट आला. ‘कृती करा’ हा त्याचा मूळ अर्थ वाटेतच गळाला. कृती कुणी करायची? खात्याच्या लेखी ती मुख्यतः यंत्रणेनं करायची : पंप, माणसं, वाहतूक. घराघरात पोहोचला तो अर्थ : घाबरा.

दुसरी गोष्ट, रंग म्हणजे मिलिमीटर नव्हे. मिलिमीटरसाठी वेगळी शब्दयोजना आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अतिमुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. रंग ठरताना पावसाच्या अंदाजासोबत त्याची शक्यता किती आणि परिणाम काय होईल, हेही पाहिलं जातं. १५० मिमी पाऊस महाबळेश्वरला जुलैतला साधा दिवस असतो, तोच लातूरमध्ये पडला तर हाहाकार. मुंबईतही तो रात्रभर रिपरिप पडला तर कुणाला पत्ता लागत नाही, पण संध्याकाळी साडेपाच ते आठमध्ये, त्यात भरतीच्या वेळी पडला तर कुर्ला-सायनचे रूळ दिसेनासे होतात. त्यामुळे ‘रेड होता आणि शंभरसुद्धा पडला नाही’ या तक्रारीत दोन वेगळ्या पट्ट्या एकमेकींवर ठेवलेल्या असतात.

तिसरा घोळ आपल्याच भाषेतला. ‘तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता’ हे वाक्य आपण सगळ्यांनी हजारदा वाचलंय. बहुतेकांना वाटतं, तुरळक म्हणजे थोडासा पाऊस. इथे तुरळक हे विशेषण ठिकाणांचं आहे, पावसाचं नाही. जिल्ह्यातल्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर. म्हणजे मुलुंडला छत्री उलटी होईल आणि वरळीला रस्ता कोरडा राहील, आणि अंदाज तरीही बरोबर ठरेल! वरळीचा माणूस मात्र मीम बनवून मोकळा होतो. इशारा जिल्ह्याला दिला जातो आणि आपण तो आपल्या गॅलरीतून तपासतो.

मग शाळांचा निर्णय. लाल रंग आणि सुट्टी यांची जोडी लागली ती खात्यानं लावलेली नाही, प्रशासनानं लावली आहे, आणि माझ्या मते घड्याळाचा विचार न करता लावली. सकाळच्या सत्राच्या बस सहाच्या आसपास निघतात. निर्णय रात्रीच हवा, फार तर पहाटे पाचपर्यंत. इशाऱ्याची मुदत मात्र अनेकदा सकाळी साडेआठला संपणारी. साडेआठला संपणाऱ्या इशाऱ्यावर दिवसभराची सुट्टी बेतायची, हा हिशेब मुळातच जुळणारा नाही. २५ सप्टेंबर २०२४ला तेच झालं. संध्याकाळी उपनगरांत पावसानं दाणादाण उडवली, ऑरेंजचा रेड झाला आणि तो दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंत होता. २६ला शाळा बंद, आणि पाऊस ओसरलेला. मुलं क्रिकेट खेळत होती, पालक खात्याला शिव्या घालत होते. त्याच दिवशी पुण्यातला पंतप्रधानांचा कार्यक्रमही पावसामुळे रद्द झाला होता, आणि हवामान अंदाजासाठीच्या नव्या महासंगणकांचं उद्घाटन त्यांना दुरून करावं लागलं. हे कुणी कथेत लिहिलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

उलट बाजूचं उदाहरण त्याच वर्षीच्या ८ जुलैचं. रात्री १ ते सकाळी ७ या सहा तासांत काही भागांत ३०० मिमीहून जास्त पाऊस, आणि सकाळच्या सत्राच्या सुट्टीचा निरोप पोहोचेपर्यंत कित्येक पोरं गुडघाभर पाण्यात. अंदाज देणाऱ्याच्या जागी बसून पाहा : इशारा चुकला तर मीम, इशारा दिलाच नाही तर चौकशी समिती. २००५ आठवणारा कुठलाही माणूस यातलं काय निवडेल, ते उघड आहे. माझी सहानुभूती कुणाकडे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही.

तंत्राची मर्यादाही समजून घ्यायला हवी. संगणकाचं प्रारूप, म्हणजे अंदाजाचं गणिती मॉडेल, वातावरणाचे चौकोन पाडतं. परवापरवापर्यंत हा चौकोन १२ किलोमीटर बाजूचा होता. साधारण ६०० चौरस किलोमीटरच्या बृहन्मुंबईला असे चार-पाच चौकोन पुरायचे. २६ मे २०२५ला ६ किलोमीटरचं देशी प्रारूप देशाला अर्पण झालं. आता सोळा-सतरा चौकोन. पण एका ढगाचा नीट वेध घ्यायला एक चौकोन पुरत नाही, लागोपाठचे अनेक लागतात, त्यामुळे विक्रोळी आणि वांद्रे वेगळे दाखवण्याचं काम अजून बाकीच आहे. योगायोग असा की त्याच २६ मेला मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. याआधीचा सर्वांत लवकरचा दिवस होता २९ मे. वरळीतल्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरलं ते याच दिवशी, आणि नालेसफाई तेव्हा अजून चालूच होती. मे महिन्याचा कुलाब्याचा १९१८पासूनचा विक्रमही मोडला.

ऑगस्ट २०२५मध्ये मात्र रंग आणि आभाळ एकाच बाजूला होते. १८ला धो धो पाऊस, १९ला शाळांसोबत सरकारी कार्यालयंही बंद आणि खासगी कंपन्यांना घरून काम करू देण्याची विनंती. त्या संध्याकाळी चेंबूरजवळ मोनोरेल मध्येच अडकली आणि शिड्या लावून माणसं उतरवावी लागली. त्या दोन दिवसांत रेड अलर्टवर एकही मीम माझ्या फोनवर आलं नाही.

सध्या खरी उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे : रडार पाहून पुढच्या तीन-चार तासांसाठी दिला जाणारा इशारा, ज्याला नाऊकास्ट म्हणतात. तो जास्त नेमका असतो, पण शाळेच्या निर्णयाला उपयोगी नाही, कारण तो येतो तेव्हा पोरं बसमध्ये असतात. फोनवर थेट सायरनसारखा वाजणारा संदेश पाठवायची चाचणी २०२३मध्ये झाली होती. भर लोकलमध्ये डब्यातले सगळे फोन एकदम किंचाळले आणि कुणाला काही कळेना, ती हीच. पाऊस कोसळत असताना तो संदेश विक्रोळीच्या टॉवरपुरताच वाजवायचा की अख्ख्या जिल्ह्यात, हे ठरेपर्यंत पालक-ग्रुपवर रंगच विचारला जाणार.