मातीतून गादीवर, गादीवरून काट्यावर: ऑलिम्पिकमधल्या भारतीय कुस्तीची पार्श्वभूमी

भारताच्या पुरुष मल्लांनी ऑलिम्पिकमध्ये आजवर सात पदकं मिळवली. खाशाबा जाधव (१९५२) ५७ किलो, सुशीलकुमार दोनदा ६६, योगेश्वर दत्त ६०, रवी दहिया ५७, बजरंग पुनिया ६५, अमन सेहरावत ५७. साक्षी मलिकचं २०१६ चं कांस्य ५८ किलोतलं. पुरुषांच्या सातांपैकी एकही पदक ६६ किलोंच्या वरचं नाही. जत्रेच्या मैदानात शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे वजन पोराटकीचं वाटेल. पण पदकं तिथूनच आली, आणि त्यामागची कारणं जुनी आहेत.

भारताचं पहिलं पथक १९२० साली अँटवर्पला गेलं. त्याआधी १९०० च्या पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्डने धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदकं जिंकली होती आणि ती भारताच्या खात्यावर मांडली जातात, पण तो एकटा इसम होता, पथक नव्हे. पथकाची कल्पना पुण्यात सुचली. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना अध्यक्ष म्हणून दोराबजी टाटा हजर होते. अनवाणी धावणारी, नियमांची फारशी माहिती नसलेली शेतकऱ्यांची पोरं लांब पल्ल्याच्या शर्यतीत युरोपातल्या वेळांच्या आसपास येताहेत, हे त्यांच्या लक्षात आलं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या मदतीने समिती झाली, टाटांनी खिशातून पैसे घातले आणि सहा जण निघाले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार हे धावपटू होते, तर रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मल्ल. चौगुल्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत संपवली आणि एकोणिसावा क्रमांक घेतला. शिंदे फेदरवेट गटात चौथे आले. कांस्याच्या लढतीत हरले नसते, तर खाशाबांच्या बत्तीस वर्षं आधीच मराठी मल्लाच्या गळ्यात पदक पडलं असतं. भारतीय ऑलिम्पिक संघटना रीतसर उभी राहिली ती १९२७ मध्ये, पहिले अध्यक्ष दोराबजीच. १९२८ पासून हॉकीने सुवर्णांची रांग लावली, आणि वैयक्तिक खेळ मागे पडले ते पडलेच.

खाशाबा १९४८ ला लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. गट ५२ किलोंचा, क्रमांक सहावा. त्याआधी ते गादीवर खेळलेच नव्हते. आपल्याकडे मॅटला गादी म्हणतात, आणि हा शब्द चपखल असला तरी फसवाही आहे, कारण माती आणि गादी हे नुसते दोन पृष्ठभाग नाहीत, दोन वेगळे खेळ आहेत.

हौद्यातली, म्हणजे आखाड्याच्या खड्ड्यातली, लाल माती चाळून, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. पाय रुततो, त्यामुळे चाल संथ आणि जोर खांद्यात, मानेत, कंबरेत. अंगाला माती चोळली की पकड सुटत नाही. निकाल म्हणजे चीतपट: पाठ टेकली की संपलं, नाही टेकली तर अर्धा तासही खडाखडी चालते. खाली गेलेला मल्ल पोटावर घट्ट पडून दम खातो, वरचा त्याला उलटवायला बघतो. पालथं पडणं ही मातीत बचावाची जागा आहे.

गादीवर तीच जागा घात करते. आजच्या फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ३० सेकंद विश्रांती असते. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून मागे गेलं की २ गुण. त्याची पाठ गादीकडे वळवली की, खांदे टेकले नाहीत तरी, आणखी २. म्हणून कमरेला पकड घालून गरागरा फिरवणारा भारंदाज एकदा बसला की दहा सेकंदांत सहा-आठ गुण जातात, आणि फरक १० झाला की लढत तिथेच थांबते. उचलून टाकल्यास ४ किंवा ५. नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय पडला तरी समोरच्याला १. मातीतून थेट आलेला मल्ल हरतो तो बहुधा या दोन ठिकाणी: पालथा पडून वाट बघतो, किंवा कडेला रेटला जातो, कारण हौद्यात कडेची भीती कधी वाटलेलीच नसते. तिसरी अडचण पायांची. बुटांमुळे गादीवर पाय अडकतो, पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, येणारा विजेसारखा येतो, आणि रुतणाऱ्या मातीवर घडलेली पावलं अर्ध्या सेकंदाने मागे राहतात. लंडनसाठी खाशाबांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने शिकवलं ते हेच. पुढची चार वर्षं त्यांनी त्यावर घातली.

१९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डीकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार उभे केले. गट आता ५७ किलोंचा. तेव्हा बाद होण्याची पद्धत उणे गुणांची होती: पाच उणे गुण झाले की मल्ल बाहेर, आणि शेवटी उरलेल्या दोघा-तिघांत पदकांचा क्रम ठरायचा. खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवलं, शेवटच्या तिघांत आले. जपानच्या शोहाची इशीशी मोठी झुंज झाली आणि ते हरले. लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोवविरुद्ध उतरायला सांगितलं. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती हा नियम होता, पण तो तिथे ठणकावून सांगणारा भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. ते हरले, कांस्य मिळालं. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव मांगावे ६२ किलोंत चौथे आले, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही.

कराडपासून त्यांच्या गोळेश्वर गावापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली आणि प्राचार्यांचे पैसे फेडले.

यानंतर कुस्तीत ५६ वर्षं काहीच नाही. दर वेळी सोयी-सुविधांच्या नावाने बोटं मोडली जातात, ते खरंही आहे, पण महाराष्ट्रापुरतं कारण अधिक घरचं आहे. आपल्या कुस्तीचा पैसा जत्रेत असतो, आणि जत्रा वजनदार मल्लाला पैसे देते. १९६१ पासून चालत आलेल्या महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, त्यांच्या विजेत्यांत अंतिम लढत होते, पण केसरी गटाचं वजन ८६ ते १२५ किलो. गदा त्याच गटाला. मग १६ वर्षांचा ५५ किलोंचा चपळ पोरगा तालमीत काय करतो? दूध, बदाम, तूप वाढवून वर जायला बघतो, कारण वस्तादालाही माहीत असतं की खालच्या गटात नाव होत नाही. आणि ९७ किंवा १२५ किलोंत त्याच्यासमोर रशियाचे, इराणचे, जॉर्जियाचे मल्ल उभे असतात. हरियाणा-दिल्लीच्या आखाड्यांनी हे आधी ओळखलं. दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमसारख्या ठिकाणी पोरं लहानपणापासून गादीवर आणि खालच्या वजनांत वाढली.

२००८ च्या बीजिंगला सुशीलकुमार पहिलीच लढत युक्रेनच्या आंद्री स्टाडनिककडून हरला. स्टाडनिक अंतिम फेरीत गेला म्हणून सुशीलला रेपेशाजचं दार उघडलं. अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून हरलेल्यांनाच ही दुसरी संधी मिळते. त्याने तीन लढती जिंकून कांस्य घेतलं. २०१२ ला योगेश्वर आणि २०१६ ला साक्षी याच दारातून आले. म्हणजे पहिली कुस्ती हरल्यावर लगेच बॅग भरायची नसते: अंग गरम ठेवायचं, थोडं खायचं, आणि आपल्याला हरवणारा पुढे कुठवर जातो ते बघत बसायचं.

काट्याचा खेळ २०१८ पासून बदलला. तोवर आदल्या संध्याकाळी एकदाच वजन व्हायचं. आता एक गट दोन दिवस चालतो आणि दोन्ही सकाळी वजन होतं: पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी फक्त पंधरा मिनिटं. ऑलिम्पिकमध्ये एका ग्रॅमचीही सूट नाही, अंगावरच्या पोशाखासकट. पहिल्या वजनानंतर पाणी आणि जेवण घ्यावंच लागतं, नाहीतर दिवसात तीन कुस्त्या निघत नाहीत. त्यात दीड-दोन किलो परत चढतात, कधी जास्त. ते रात्रीत उतरवायचे. दुसऱ्या सकाळी चुकलात तर आदल्या दिवशीच्या विजयांसकट सगळं जातं, क्रमांक शेवटचा. २०२४ च्या पॅरिसमध्ये विनेश फोगटचं ५० किलोंचं अंतिम फेरीचं स्थान १०० ग्रॅमनी गेलं ते असं.

त्याच आठवड्यात अमन सेहरावत ५७ किलोंची उपांत्य लढत जपानच्या रेई हिगुचीकडून ०–१० हरला. काट्यावर वजन ६१.५. हातात दहा तास. आधी गादीवर दीड तास, मग तासभर गरम पाण्याची अंघोळ. मध्यरात्रीनंतर तासभर ट्रेडमिल, मग पाच-पाच मिनिटांच्या पाच फेऱ्या सॉनात. तरी ९०० ग्रॅम शिल्लक. मालिश, हलकी धाव, आणि प्यायला कोमट पाण्यात लिंबू-मध, तेही घोटभर. पहाटे साडेचारला काटा ५६.९ वर थांबला. त्या दिवशी त्याने पोर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला १३–५ हरवलं. सुवर्ण जिंकलेला हिगुची स्वतः २०२१ च्या पात्रता स्पर्धेत ५० ग्रॅम जास्त भरल्याने बाद झाला होता, आणि टोकियोची वारी हुकली होती. खाशाबांनाही, पॅरिसच्या ७२ वर्षं आधी, ५७ किलोंतच, पुढे सुवर्ण घेतलेल्या जपानी मल्लानेच हरवलं होतं.

महाराष्ट्राचं दुसरं वैयक्तिक पदकही पॅरिसमध्येच आलं आणि कोल्हापूर जिल्ह्यातच गेलं, पण तालमीतून नव्हे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं. ५७ किलोंची जागा महाराष्ट्राकडून अजून रिकामीच आहे, आणि यंदाच्या जत्रेतही त्या वजनाची जोड दुपारच्या उन्हात, मैदान भरायच्या आधीच लागेल.