एक्झॉस्ट बदलल्यावर चेक इंजिन लाइट लागलाय? आधी पुढचा ओ-टू (ऑक्सिजन) सेन्सर कोणता आणि मागचा कोणता ते बघा

नवीन एक्झॉस्ट बसवला, आवाज मस्त आला, आणि दोन-चार दिवसांनी मीटरवर पिवळा लाइट लागला. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, "ओ-टू सेन्सर गेलाय, बदलून टाक." कोणता सेन्सर, हे कुणी विचारत नाही, स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय आलाय तेही नाही. मग सेन्सर विकत आणला जातो, बसवला जातो, कोड उडवला जातो आणि आठवड्याभरात तोच लाइट परत हजर. हे इतक्यांदा होताना बघितलंय की आता एकदा नीट लिहायलाच हवं.

पाइप कुठून कुठे जातो ते तुम्हाला माहितीये, तुम्ही स्वतः खोललाय तो, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा) आधी असतो तो पुढचा सेन्सर, म्हणजे स्कॅनरवरचा सेन्सर १. कॅटच्या नंतरचा तो मागचा, सेन्सर २. बँक १ म्हणजे ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर आहे ती बाजू, व्ही इंजिन असेल तर बँक २ पण असते, सरळ चार सिलिंडरवाल्यात बहुतेक वेळा बँक एकच. दिसायला दोन्ही सेन्सर सारखे, आटे पण सहसा तेच एम१८, पाना पण तोच २२चा. आणि घोळ इथूनच सुरू होतो, कारण दिसायला सारखे असले तरी दोघांचं काम पूर्ण वेगळं आहे.

पुढचा सेन्सर इंजिन चालवतो. म्हणजे अक्षरशः. तो बघतो की जळून बाहेर आलेल्या वायूत ऑक्सिजन उरलाय की नाही, आणि त्यावरून इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल कमी-जास्त करतो. जुन्या साध्या सेन्सरमध्ये व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखं वरखाली नाचत असतं, ०.४५ च्या खाली गेलं की लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), वर गेलं की रिच (पेट्रोल जास्त). इसीयू त्याच्या मागे धावत असतो आणि हवा-पेट्रोलचं मिक्श्चर १४.७ ला एकच्या आसपास ठेवतो. किती पेट्रोल वाढवलं किंवा कमी केलं ते फ्युएल ट्रिममध्ये टक्क्यांत दिसतं. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, तो असा नाचत नाही, त्यामुळे स्कॅनरवर सरळ रेष बघून "मेला हा" म्हणू नका, तिथे लॅम्डा (खरं मिक्श्चर भागिले आदर्श मिक्श्चर) १.०० च्या जवळ आहे का ते बघायचं.

मागचा सेन्सर मात्र मुख्यतः कॅटवर नजर ठेवायला आहे. बऱ्याच गाड्यांत तो मिक्श्चरमध्ये बारीकशी दुरुस्ती पण सुचवतो, पण ती अगदी थोडी, त्याची खरी नोकरी म्हणजे कॅट काम करतोय की नाही ते इसीयूला कळवणं. हे कसं कळतं ते नीट समजून घ्या, कारण सगळे अडकतात ते इथेच. कॅटच्या आतल्या जाळीवर सिरियम ऑक्साइडचा थर असतो, तो मिक्श्चर लीन असताना ऑक्सिजन धरून ठेवतो आणि रिच झालं की सोडतो. त्यामुळे पुढे कितीही वरखाली होत असलं तरी कॅटच्या मागे सगळं शांत झालेलं असतं, आणि मागच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ सरळ रेषेत राहतं. आता तुम्ही कॅट काढून सरळ पाइप टाकला, किंवा कंपनीच्या ४००-६०० सेलच्या (सेल म्हणजे जाळीच्या एका चौरस इंचातली भोकं) जागी २०० सेलचा हाय-फ्लो कॅट टाकला, तर ऑक्सिजन धरायची ती ताकद गेली किंवा फार कमी झाली. मागचा सेन्सर पण आता पुढच्यासारखा नाचायला लागतो. इसीयू ते बघतो आणि पी०४२० लिहितो, बँक २ असेल तर पी०४३०.

म्हणजे ४२० आला तेव्हा मागचा सेन्सर बिघडलेला नाहीये, तो अगदी खरं सांगतोय! त्याला बदलून काय होणार? नवीन सेन्सर पण तेच सांगणार, उलट नवा असल्यामुळे जास्त चपळपणे सांगणार. जुना सुस्त झालेला मागचा सेन्सर तर कधीकधी कमजोर कॅटला झाकून पण ठेवतो. म्हणून ४२० वर मागचा सेन्सर बदला म्हणणाऱ्याला आधी विचारा की मागच्या सेन्सरचा ग्राफ बघितलास का. गाडी पूर्ण गरम करा, २५०० आरपीएमवर स्थिर धरा, आणि सेन्सर २ चं व्होल्टेज एक-दोन मिनिटं बघा. सरळ रेष असेल तर कॅट ठीक, पाइपातला लीक शोधा. भराभर वरखाली होत असेल तर कॅटचा विषय आहे.

अजून एक जे ऐकून डोकं फिरतं ते म्हणजे "बॅकप्रेशर कमी झालं म्हणून लाइट लागला". बहुतेक पेट्रोल गाड्यांत एक्झॉस्टचं बॅकप्रेशर मोजायला सेन्सरच नसतो, इसीयूला ते कळणार कुठून? त्याला कळतो तो ऑक्सिजन, आणि तो या दोन जागी.

आता दुसरी बाजू, पी०१७१, सिस्टिम लीन. हा कोड पुढच्या सेन्सरच्या माहितीवरून येतो, आणि एक्झॉस्ट बदलल्यावर आला तर पहिला संशय लीकवर. लोक म्हणतात पाइपात दाब असतो, लीक असेल तर वायू बाहेर जाईल, हवा आत कशी येणार. पण एक्झॉस्टचा दाब सलग नसतो, प्रत्येक सिलिंडरचा धक्का येतो आणि त्याच्या मागे क्षणभर ओढ निर्माण होते, त्या ओढीत मॅनिफोल्डच्या (इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा पहिला भाग) किंवा त्याच्या जागी बसवलेल्या हेडरच्या फटीतून बाहेरची हवा आत येते. पुढच्या सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, तो म्हणतो लीन, इसीयू पेट्रोल वाढवतो, तरी हवा येतच राहते, परत वाढवतो, आणि लाँग टर्म ट्रिम (इसीयूने कायमची धरलेली दुरुस्ती) अधिक २५ टक्क्यांच्या आसपास पोचला की बऱ्याच गाड्या कोड टाकतात. गंमत म्हणजे इंजिन खरं तर तेव्हा रिच चाललेलं असतं. कोड सांगतो लीन, आणि टेलपाइपच्या तोंडात बोट फिरवलं तर काळी काजळी, पेट्रोलचा वास, अ‍ॅव्हरेज घसरलेला. हे तिन्ही एकत्र दिसले तर लीक पुढच्या सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ आहे असं धरून चाला. (१७१ इनटेकच्या व्हॅक्युम लीकने पण येतो, घाण झालेल्या एअरफ्लो सेन्सरने पण, पण मग काजळी सहसा नसते.)

लीक शोधायचा तो थंड इंजिनवर. गाडी सुरू केल्या केल्या धातू फुगलेला नसतो, टकटक आवाज तेव्हाच स्पष्ट येतो, मिनिटाभरात गरम होऊन फट बंद होते आणि मग तुम्ही म्हणता लीक नाहीच. फ्लँजच्या (पाइप जोडायच्या चकतीच्या) कडेला राखाडी-काळा पंखासारखा डाग दिसतो का बघा, तो लीकचा पक्का पुरावा. जुनं गॅस्केट परत वापरलं असेल तर आधी तिथेच बघा. गॅस्केट नवीनच टाकायचं, यावर माझ्याशी वाद घालू नका. आणि सिलिकॉन सीलंट फासायचाच असेल तर सेन्सरला चालणारा घ्या, साध्या सिलिकॉनच्या वाफेने पुढचा सेन्सर खरोखर मरतो, मग जो सेन्सर चांगला होता तोच बदलावा लागतो.

नुसता कॅटबॅक बसवलाय? मग तुम्ही दोन्ही सेन्सरच्या मागचा पाइप बदललाय आणि लाइट लागायचं खरं तर काही कारण नाही. तरी लागला तर वायर बघा. पाइप काढताना सेन्सरची वायर ताणली गेली, कनेक्टर अर्धवट बसला, किंवा वायर नव्या पाइपला टेकून वितळली, असंच काहीतरी सापडतं. पी०१३५ आला तर पुढच्या सेन्सरचं हीटर सर्किट, पी०१४१ आला तर मागच्याचं, आणि तेव्हा फ्यूज पण बघून घ्या. वायर लांब करायची असेल तर सोल्डर करू नका, बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या धाग्यांमधूनच मिळते, सोल्डरने ती वाट बंद होते. तयार एक्स्टेन्शन हार्नेस मिळतं, ते लावा.

व्ही इंजिनवाल्यांनी हेडर बसवताना एक खास काळजी घ्या, दोन्ही बाजूंच्या पुढच्या सेन्सरचे कनेक्टर अदलाबदल होऊ शकतात. मग बँक १ चा सेन्सर बोलतो आणि इसीयू बँक २ चं पेट्रोल हलवतो, फरक पडत नाही म्हणून अजून हलवतो. स्कॅनरवर एका बँकेचा ट्रिम अधिक २५ कडे आणि दुसरीचा उणे २५ कडे पळताना दिसला की दुसरं काही शोधत बसू नका, दोन्ही कनेक्टर आपापल्या जागी लावा.

लाइट कधी लागला यावरून पण बरंच कळतं. कनेक्टर राहिला किंवा वायर तुटली असेल तर कोड लवकर येतो. ४२० ला मात्र कॅट पूर्ण गरम, गाडी स्थिर वेगात अशी परिस्थिती लागते, आणि सहसा सलग दोन फेऱ्यांत नापास झाल्यावरच लाइट लागतो. म्हणून "कोड उडवला, आता ठीक आहे" याला दोन दिवस तरी काही अर्थ नसतो. आणि कृपा करून कोड लिहून घेतल्याशिवाय उडवू नका, त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेम पण पुसली जाते, म्हणजे कोड आला तेव्हाचा आरपीएम, तापमान, ट्रिम सगळं गेलं. लाइट लुकलुकत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, तो मिसफायर आहे, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन कॅट जाळतंय, गाडी बाजूला घ्या.

राहता राहिला मागच्या सेन्सरखाली लावायचा तो स्पेसर. तो सेन्सरला प्रवाहातून बाहेर ओढतो म्हणजे त्याला नाचताना कमी दिसतं, बाकी काही दुरुस्त होत नाही, धूर तेवढाच घाण राहतो आणि बऱ्याच देशांत असली फसवणूक बेकायदा आहे. ट्यून करून ४२० ची तपासणीच बंद करणं पण तसलंच, वर स्कॅनरवर कॅटचा रेडिनेस मॉनिटर (इसीयूची कॅट-तपासणी पूर्ण झाली की नाही ते दाखवणारा) तयार दिसत नाही आणि तपासणीत गाडी अडकते. मी दोन्ही सुचवत नाही. कॅट काढला असेल तर परत बसवा, हाय-फ्लो हवाच असेल तर २०० च्या ऐवजी ४०० सेलचा, चांगल्या कोटिंगचा घ्या आणि इंजिनाच्या जितका जवळ बसेल तितका जवळ बसवा, म्हणजे तो लवकर गरम होईल. मग कोड उडवून दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा, आणि सेन्सर २ ची रेष परत एकदा बघा.