ठप्पा कुठे मारायचा? नियंत्रण जाळ्यातल्या वेळेची पार्श्वभूमी

वर्तमानपत्र छापणाऱ्या जुन्या रोटरी यंत्रांत सगळे रोलर एका लांबलचक लोखंडी शाफ्टला जोडलेले असत. शाफ्ट फिरला की सगळे एकदम फिरत, वेळ जुळवायचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक रोलरला स्वतःची सर्वो मोटर (सांगितल्या जागी नेमकी फिरणारी मोटर) मिळाली, शाफ्टच्या जागी केबल आली आणि मग तो प्रश्न उभा राहिला. कागद सेकंदाला १० मीटर धावत असेल तर १० मायक्रोसेकंदांत तो ०.१ मिलिमीटर सरकतो. रंगांवर रंग बसवताना एवढा फरक डोळ्याला खटकू लागतो.

ड्राइव्हसाठी, म्हणजे मोटर चालवणाऱ्या यंत्रणांसाठी, जर्मनीत तयार झालेल्या सर्कोस जाळ्याने यावर सरळ तोडगा काढला. फायबरच्या रिंगमध्ये दर सायकलच्या (ठरावीक वेळाच्या फेरीच्या) सुरुवातीला मुख्य यंत्र, म्हणजे मास्टर, एक छोटा संदेश, टेलिग्राम, सोडतो, तो पोचला की सगळे ड्राइव्ह तिथून मोजणी धरतात, आणि कोणी कधी बोलायचे ते आधीच ठरलेले असते. बॉशने १९८६ मध्ये गाड्यांसाठी आणलेल्या कॅन बसने, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक तारेने, उलटी वाट धरली: ज्याला बोलायचे त्याने बोलावे, दोघे एकदम बोलले तर कमी क्रमांकाचा संदेश जिंकेल. सर्वांत महत्त्वाच्या संदेशाला हे उत्तम, पण खालच्या क्रमांकाचा संदेश कधी पोचेल हे बसवरची गर्दी ठरवते. व्हिएन्नातले संगणकशास्त्रज्ञ हर्मन कोपेट्झ वर्षानुवर्षे वेळापत्रकाच्या बाजूने वाद घालत राहिले. कारखान्यांत मात्र मधल्या काळात स्वस्त म्हणून इथरनेट घुसले, आणि त्यात वेळापत्रक नव्हतेच. संदेश योग्य तारेवर वळवणारे स्विच आल्यावर संदेशांच्या टकरी संपल्या, पण स्विचमध्ये रांगा सुरू झाल्या. १०० मेगाबिटच्या लिंकवर एक पूर्ण लांबीची फ्रेम (इथरनेटवरचे माहितीचे पाकीट) सुमारे १२३ मायक्रोसेकंद तार अडवते. मागचा संदेश कितीही तातडीचा असो, तेवढा वेळ थांबतो.

घड्याळे जुळवण्याची रीत तोवर तयार होती. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या एनटीपी या जाळ्यावरून घड्याळ लावण्याच्या पद्धतीत वेळेच्या नोंदीचे चार ठप्पे असतात: विचारणा निघाली, पोचली, उत्तर निघाले, पोचले. जाण्यायेण्याला सारखाच वेळ लागतो असे धरले की दोन घड्याळांतला फरक निघतो. गणितात खोट नाही, खोट ठप्पा मारण्याच्या जागेत आहे. तो सॉफ्टवेअरमध्ये पडतो, आणि ठप्पा व तार यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, इंटरप्ट (प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणारा इशारा) आणि नेटवर्क कार्डाची रांग येते. हा वेळ दर खेपेला बदलतो.

वीजक्षेत्राने हा प्रश्न वळसा घालून टाळला. ग्वाल्हेरला जन्मलेले अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या पुढाकाराने व्हर्जिनिया टेकमध्ये १९८८ च्या सुमारास फेजर, म्हणजे विजेच्या लहरीचा आकार आणि कोन, मोजणारे पहिले यंत्र झाले. वेळ थेट जीपीएसकडून. ५० हर्ट्झला १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ०.०१८ अंश, म्हणजे भरपूर सवड. पण ज्या नोंदयंत्रांना ही सोय नव्हती, त्यांनी १४ ऑगस्ट २००३ च्या अमेरिका-कॅनडा अंधारानंतर तपास करणाऱ्यांचा घाम काढला. कोणती लाइन आधी तुटली, हे ठरवण्याआधी नोंदींच्या वेळाच जुळवाव्या लागल्या. कारखान्यात तर पत्र्याखालच्या प्रत्येक ड्राइव्हला अँटेना देणे शक्यच नाही.

एचपी आणि मग एजिलेंट या कंपन्यांत काम करणारे जॉन आयडसन यांच्या प्रयत्नांतून २००२ मध्ये आयईईई १५८८ हे घड्याळे जुळवण्याचे मानक, म्हणजे पीटीपी, आले. गणित जवळपास तेच, ठप्पा मात्र तारेपाशी उतरला: फ्रेम नेटवर्क चिपमधून बाहेर पडते तिथे, हार्डवेअरमध्ये. अडचण अशी की निघाल्याची अचूक वेळ फ्रेम निघून गेल्यावरच कळते. म्हणून वेळ सांगणाऱ्या ‘सिंक’ संदेशाच्या मागोमाग ‘फॉलो-अप’ संदेश जातो आणि खरी वेळ त्यात सांगितली जाते.

तरी स्विचमधली रांग उरलीच. एकामागे एक स्विच लावून प्रत्येकाने आधीच्याकडून घड्याळ लावून घ्यायचे, असे केले तर लांब साखळीत घड्याळांची थरथर (वेळेतली चढउतार) वाढत जाते. २००८ च्या आवृत्तीतल्या ट्रान्सपरंट क्लॉकने हा गुंता सोडवला: फ्रेम आपल्या पोटात किती नॅनोसेकंद राहिली ते स्विच मोजतो आणि संदेशातल्या दुरुस्तीच्या रकान्यात, करेक्शन फील्डमध्ये, मिळवतो. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच.

जाण्यायेण्याचा वेळ सारखा, हे गृहीत मात्र आजही तसेच आहे. एका दिशेने १० मायक्रोसेकंद जास्त लागले तर घड्याळ ५ मायक्रोसेकंदांनी चुकते आणि लॉगमध्ये ऑफसेट, म्हणजे घड्याळांतला फरक, शून्याच्या आसपासच दिसतो. दोन्ही टोकांचे सेकंदाला एक पल्स देणारे आउटपुट ऑसिलोस्कोपवर शेजारीशेजारी पाहिल्याशिवाय हे सापडत नाही. २०११ च्या ८०२.१ एएस या इथरनेटवर वेळ जुळवण्याच्या मानकात तांब्याच्या तारेवर शेजाऱ्यापर्यंतच्या विलंबाची मर्यादा मुळात ८०० नॅनोसेकंद ठेवली आहे. मध्ये कोणी मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची तार फायबरला जोडणारा डबा) घुसवला की बहुधा ती ओलांडली जाते आणि पोर्ट सिंक करायलाच नकार देते. केबल धड, लिंकचा दिवा हिरवा, वेळ मात्र जुळत नाही.

घड्याळे एवढी जुळल्यावर वेळापत्रक इथरनेटवर परत आणता आले. २०१५ च्या ८०२.१ क्यूबीव्ही या मानकात स्विचच्या आठ रांगांना आठ गेट असतात आणि ती ठरल्या वेळी उघडतात. समजा सायकल १ मिलिसेकंद आणि पहिले २०० मायक्रोसेकंद नियंत्रणासाठी राखून ठेवले. इतरांची गेटे या राखीव वेळेच्या निदान १२४ मायक्रोसेकंद आधी बंद करावी लागतात, नाहीतर आधीच सुटलेली लांब फ्रेम राखीव वेळेत घुसते. म्हणजे सायकलचा आठवा हिस्सा वाया. २०१६ मध्ये चालू फ्रेम मध्येच तोडण्याची सोय आल्यावर तो बराच कमी झाला. यात घड्याळाची लहान चूक मोठी होते: फ्रेम गेट मिटल्यावर ५ मायक्रोसेकंदांनी पोचली तर ती ५ नव्हे, जवळपास पुढच्या सायकलइतकी उशिरा निघते.

आणखी एक जुना घोळ ३७ सेकंदांचा. पीटीपी टीएआय या अणुघड्याळांच्या वेळेवर चालते. तिच्यात लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवण्यासाठी अधूनमधून घातलेला जादा सेकंद, मोजत नाहीत, आणि १ जानेवारी २०१७ पासून ती यूटीसी या रोजच्या व्यवहारातल्या जागतिक वेळेच्या ३७ सेकंद पुढे आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सुरुवातीला हा फरक शून्य धरलेला असतो. तो भरायचा राहिला तर त्या यंत्राचे वेळापत्रक ३७ सेकंद सरकते. सायकल १ मिलिसेकंदाची असेल तर ३७ सेकंदांना तिने पूर्ण भाग जातो, त्यामुळे सगळे सुरळीत दिसते. पुढे कोणी सायकल ७५० मायक्रोसेकंदांची केली की गेट २५० मायक्रोसेकंद हुकते, आणि दोष नव्या सायकलच्या माथी मारला जातो.