झपाटलेला की पछाडलेला?

महेश कोठारे यांचे हे दोन सिनेमे. दोन्हींत भुताटकी, दोन्हींत दिलीप प्रभावळकर, दोन्हींत लक्ष्मीकांत बेर्डे, आणि नावंही जुळ्या भावांसारखी. इंदुरात हा घोळ आणखी वाढतो, कारण रामबागेतल्या मराठी घरातली मुलंही दिवसभर हिंदीच ऐकतात. हिंदीत ‘पछाड़ा’ म्हणजे हरवलं, चीत केलं. निवडणुकीच्या आणि क्रिकेटच्या बातम्यांत रोज तोच शब्द. मग ‘पछाडलेला’ म्हणजे त्यांना हरलेला पैलवान वाटतो! मराठीत पछाडतं ते भूत, नाहीतर आजारपण, कर्ज, पाठ न सोडणारं काहीतरी. झपाटण्याला मात्र चांगली बाजूही आहे. गाण्यानं झपाटलेला म्हटलं की कौतुकच.

‘झपाटलेला’ १९९३चा. मरता मरता तात्या विंचू हा गुंड (प्रभावळकर) मंत्राच्या जोरावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला येतो शब्दभ्रमाचे, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्याचे, खेळ करणाऱ्या लक्ष्याकडे (बेर्डे). तात्याला परत माणसाचा देह हवा असतो, पण कुणाचाही चालत नाही: ज्याला आपलं गुपित पहिल्यांदा सांगितलं, त्याचाच. सगळा सिनेमा या एका अटीवर उभा आहे. बाहुला संपवायचा तर गोळी दोन भुवयांच्या मधोमधच लागली पाहिजे. इन्स्पेक्टर महेश जाधव म्हणजे खुद्द कोठारे.

बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. ओठ न हलवता बोलणाऱ्या कलावंताला प, फ, ब, भ, म ही अक्षरं सगळ्यात जड जातात, कारण ओठ मिटल्याशिवाय ती नीट उमटतच नाहीत. इथे आवाज प्रभावळकरांचा, त्यामुळे ती अडचण नाही. जबडा नुसता वर-खाली होतो आणि आतून अस्सल माणूस गुरकावतो. अंगावर काटा येतो तो यामुळे.

‘पछाडलेला’ २००४चा, आणि यात बाहुला नाहीच. इथे वाडा आहे, वाड्यात भुतं आहेत आणि ती शिरतात जिवंत माणसांत. चेहरा एकाचा, चालणं-बोलणं दुसऱ्याचं, म्हणजे सगळा भार नटांच्या अंगावर. प्रभावळकर यात इनामदार भुसनळे. पुढे भरत जाधव आणि श्रेयस तळपदे. लक्ष्मीकांत आहेत, पण नायक नाहीत. त्याच वर्षी १६ डिसेंबरला ते गेले.

अनेकजण ‘पछाडलेला’ला दुसरा भाग समजतात. तसं नाही. ‘झपाटलेला २’ वेगळा, २०१३चा, थ्रीडी, त्यात आदिनाथ कोठारे. आणि शोधताना ‘खिलौना बना खलनायक’ दिसला, तर तो ‘झपाटलेला’चाच हिंदी अवतार.

घरात बाहुली कुशीत घेऊन झोपणारं मूल असेल, तर आधी ‘पछाडलेला’ लावा.