वसंतातील माळभटकंती (सोलापूर)

सोलापूर परिसरातील माळरानांवर फाल्गुन-चैत्रात देशी रानफुले पाहण्यासाठी केली जाणारी पायी भटकंती. शहराच्या उत्तरेला बार्शी रस्त्यावरचा नान्नजचा माळ त्यासाठी सोयीचा आहे. १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्याचा हा भाग असल्याने आत जाण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी लागते. इथे उंच डोंगर नाहीत. बेसाल्टवर मुरूम, त्यावर मातीचा पातळ थर आणि सावकाश चढत-उतरत जाणारा माळ. सरकारी दप्तरात अशा जमिनीला सहज ‘पडीक’ म्हटले जाते, आणि तिचे निम्मे नुकसान त्या एका शब्दाने केले आहे.

या दिवसांत गवत वाळून सोनेरी झालेले असते. कुसळीची कुसळे कपड्यांत रुततात. फुले शोधायची ती झुडपांवर आणि झाडांवर. नेपती मुद्दाम थांबून पाहावी: पाने जवळजवळ नाहीतच, हिरव्या काटेरी काड्यांचा नुसता गुंता, आणि त्यातच विटकरी-लाल फुलांचे झुबके, पाकळ्यांबाहेर आलेल्या लांब पुंकेसरांसह. ओढ्याकाठी व बांधांवर पळस फुलतो. त्याच्या कळ्यांवर काळपट मखमली लव असते. मधासाठी शिंजीर आणि साळुंक्या दिवसभर फांद्या सोडत नाहीत. हिंगणबेटाची हिरवट, बारीक फुले मात्र जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत.

याच सुमारास फिकट गुलाबी बहराने लक्ष वेधून घेणारे गिरिपुष्प देशी नव्हे. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड वनीकरणात लावले गेले. त्याच्या सावलीत माळाचे गवत मागे हटते, आणि गवत गेले की त्यावर जगणारे काळवीट व माळपक्षीही. माळावर झाडे लावणे हे नेहमीच पुण्यकर्म नसते.

जमिनीलगतची फुले पाहायची असतील तर भाद्रपद-आश्विन गाठावा. तेव्हा कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि नवरात्रात घटाला वाहिला जाणारा पिवळा तरवड भरात असतो.

मार्चअखेर पारा चाळिशीकडे सरकतो, म्हणून उजाडताच निघून नऊ-साडेनऊपर्यंत परतणे बरे. पायवाट सोडू नये. टिटवी आणि धाविक याच काळात उघड्या मुरमावर अंडी घालतात, आणि ती खड्यांत इतकी मिसळून जातात की पाय पडेपर्यंत कळत नाही.