वैनगंगेच्या खोऱ्यातले सोने

पूर्व विदर्भात आज सोन्याची एकही खाण चालू नाही, तरी वैनगंगेच्या खोऱ्यातील नदीनाल्यांची रेती धुऊन सोने काढणारा सोनझरी समाज इथे पिढ्यानपिढ्या राहत आला आहे. ब्रिटिश अधिकारी रसेल आणि त्यांचे सहकारी हिरालाल यांनी १९१६ साली तेव्हाच्या मध्य प्रांतातील जातीजमातींची जी माहिती प्रसिद्ध केली, तीतही या व्यवसायाची नोंद आहे. खाण नसताना सोने मिळत होते, कारण खाणीतले सर्वांत खर्चाचे काम नदीने आधीच उरकून ठेवले होते.

या सोन्याचे मूळ भंडारा, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत पसरलेल्या भूवैज्ञानिक ज्यांना साकोली गट म्हणतात अशा खडकांत शोधावे लागते. एक अब्ज वर्षांहून जुन्या या खडकांना कधीकाळी प्रचंड दाबाने भेगा पडल्या आणि खोलवरचे तप्त, गंधकयुक्त पाणी त्यांतून वर चढले. अशा पाण्यात सोने विरघळलेले राहू शकते. दाब व तापमान उतरले, की ते गारगोटीच्या शिरांमध्ये साचते. भिवापूर तालुक्यातील परसोडी-पुल्लर भागात भूवैज्ञानिकांना अशाच शिरांमध्ये सोने आढळले आहे. पश्चिम विदर्भावर मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण पसरलेला आहे आणि त्यात अशा सोन्याच्या शिरा नाहीत, त्यामुळे बुलढाणा-अकोल्याकडच्या नाल्यांत हा व्यवसाय रुजण्याचे कारणच नव्हते.

शिरेत सोने असले म्हणजे खाण परवडते, असे मुळीच नाही. टनामागे दोन ग्रॅम सोने असलेला खडक घेतला, तर सुमारे ७२ सेंटिमीटर बाजूचा आख्खा ठोकळा फोडून, दळून हाती येते ते पाच मिलिमीटरपेक्षाही लहान घनाएवढे सोने. ऊन-पावसाने खडक झिजतो, तेव्हा हेच दळण फुकट होते. सोने गंजत नाही, म्हणून बाकीची खनिजे कुजून माती झाली तरी त्याचे कण शाबूत राहतात. आणि पाण्याच्या १९.३ पट जड असल्यामुळे प्रवाहाचा जोर जिथे ओसरतो तिथे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला किंवा पात्रातल्या खडकांच्या खाचांत, ते बसतात.

सोनझरी माणसाची नजर म्हणूनच अशा जागांवर असते. उथळ लाकडी पात्रात रेती घेऊन ते पाण्यात गोल हलवायचे, हे सुपात धान्य पाखडण्यासारखेच, फक्त वाऱ्याऐवजी पाण्याने. पांढरी गारगोटीची रेती पाण्याच्या २.६५ पटच जड असल्याने आधी निघून जाते आणि तळाशी काळी, चुंबकाला चिकटणारी लोहयुक्त रेती उरते. सोने असलेच, तर त्या काळ्या रेतीच्या कडेला बारीक पिवळी रेघ दिसते. ही रेघ दिसेपर्यंत हात सावकाश फिरवणे, हे खरे कसब.

डोळ्यांना जेमतेम दिसणारे कण वेगळे करण्यासाठी पारा वापरण्याची रीत जगभर चालत आली. पारा सोन्याला धरून ठेवतो आणि तापवल्यावर उडून जातो; पण ती वाफ फुप्फुसांत गेली, तर मेंदू आणि मूत्रपिंडांना कायमची इजा होऊ शकते. या धंद्याचा इतिहास सांगताना ही बाजू बहुधा गाळली जाते, ते योग्य नाही.

नदीकाठ सोडून शहरात आलेली काही कुटुंबे आता सराफ बाजारातील नाल्यांचा गाळ आणि दुकानांसमोरची धूळ धुतात. दागिना घडवताना उडालेला कीस त्या धुळीत असतो, आणि तो वेगळा करण्याची रीत रेती धुण्याचीच आहे.