अमेरिकन वेक आणि आयरिश स्थलांतराचे शोककाव्य

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून, विशेषतः मेयो, गॉलवे, केरी, डोनेगल अशा पश्चिमेकडील परगण्यांतून, अमेरिकेला निघालेल्या मुलामुलींना निरोप देण्यासाठी आदल्या रात्री घरात जे जागरण होई, त्यास ‘अमेरिकन वेक’ असे म्हणतात. वेक म्हणजे मुळात मृताच्या घरी, प्रेत उचलेपर्यंत, शेजारपाजाऱ्यांनी रात्रभर बसण्याची प्रथा. तोच विधी जिवंत माणसासाठी योजला जाण्याचे कारण उघड होते : अटलांटिकपार गेलेले लेकरू आईबापांना पुन्हा दिसेल, ही आशा जवळजवळ नसे.

१८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि १८५२ पर्यंत चाललेल्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे उपासमारीने व तापाच्या साथींनी मेली. किमान तितक्याच लोकांनी देश सोडला. दुष्काळ सरल्यावरही हा ओघ थांबला नाही. १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे ४४ लाखांवर आली. युरोपातील इतर देशांहून येथील एक वेगळेपण असे, की जाणाऱ्यांत अविवाहित तरुणी जवळपास पुरुषांइतक्याच असत. त्या अमेरिकी शहरांतील घरांत मोलकरणीचे काम करून गावी पैसे धाडत आणि त्यातूनच धाकट्या भावंडांच्या तिकिटाची सोय होई. एकाच घरात असे जागरण पुन्हापुन्हा होई ते त्यामुळे.

संध्याकाळी शेजारी जमत, फिडलवर नाच होई, तंबाखू व दारू फिरे. म्हातारी माणसे चुलीपाशी बसून जाणाऱ्याला चार शब्द सांगत. पहाट जवळ आली की आई किंवा गावातील एखादी वृद्धा, मयतावर म्हणतात तसा विलाप सुरू करी. उजाडल्यावर सारे जण ठरावीक टप्प्यापर्यंत वाटेला लावायला जात. डोनेगलमध्ये मकिश डोंगराच्या खिंडीजवळ असा एक लहानसा दगडी पूल आहे. घरची माणसे तेथून मागे फिरत आणि प्रवासी डेरी बंदराची वाट धरी. पुलाजवळच्या शिळेवर आयरिश भाषेत याची नोंद कोरलेली असून त्यास ‘अश्रूंचा पूल’ म्हणतात.

या रात्रीचा विलाप म्हणजे ‘कीनिंग’ या जुन्या मौखिक काव्यप्रकाराचाच विस्तार होय. कीनिंग करणारी स्त्री मृताला थेट संबोधून त्याचे कूळ, रूप आणि औदार्य वर्णी, मागे राहिलेल्यांच्या हालांचा पाढा वाची आणि जमलेल्या बायका आक्रोशाने साथ देत. कॅथलिक धर्मपीठाने सतराव्या शतकापासून या प्रथेस वारंवार मनाई केली, तरी ती टिकून राहिली. तिचा सर्वांत थोर अवशेष म्हणजे १७७३ साली कॉर्क परगण्यात मारल्या गेलेल्या आर्ट ओलिअरीवर त्याची पत्नी एलीन डव्ह नी कोनल हिने रचलेला विलाप. हे दीर्घकाव्य लोकांच्या तोंडी राहिले आणि पुढच्या शतकात लिहून घेतले गेले. नवऱ्याचे रक्त ओंजळीने प्यालेली ही बाई त्याचा घोडा, कपडे, तलवार यांचे तपशील एकेक करून सांगते. मोघम दुःखापेक्षा असा नेमका तपशीलच या परंपरेचे खरे बळ आहे.

मात्र मृताच्या विलापाला दफनाने शेवट मिळतो, स्थलांतरिताच्या विलापाला तो मिळत नाही. दूर गेलेला माणूस जगत असतो, म्हातारा होत असतो, आणि घरच्यांना तो केवळ पत्रांतून कळतो. म्हणूनच या काव्यात जाणाऱ्यापेक्षा मागे राहिलेल्याचा आवाज अधिक खोल उतरतो. मेयोतील किलकेली गावच्या एका कुटुंबाची एकोणिसाव्या शतकातील पत्रे अमेरिकेतील वंशजांना सापडली व त्यांवरून विसाव्या शतकात एक गीत रचले गेले, ते याचे उत्तम उदाहरण आहे. निरक्षर बापाने गावच्या शाळामास्तरांकडून लिहून घेतलेली ही पत्रे. गीताची कडवी १८६०, १८७०, १८८०, १८९० आणि १८९२ अशी येतात : पीकपाणी, भावंडांची लग्ने, आईचे जाणे आणि शेवटच्या कडव्यात भावाने कळवलेला बापाचा मृत्यू. कोठेही आक्रोश नाही. दोन पत्रांमधली वर्षेच दुःखाचे माप देतात.

आधुनिक काळात ईव्हॅन बोलंड (१९४४–२०२०) या डब्लिनमध्ये जन्मलेल्या कवयित्रीने हा विषय घरातल्या माणसांच्या पातळीवर आणला. आयरिश कवितेत स्त्री बहुधा देशाचे प्रतीक म्हणून वावरत असे. बोलंड यांनी तिला पुन्हा शरीर आणि घर दिले. त्यांच्या ‘क्वारंटाइन’ या कवितेत १८४७ च्या हिवाळ्यात एक जोडपे निराधार गरिबांसाठीच्या श्रमगृहातून बाहेर पडते. तापाने फणफणलेल्या बायकोला नवरा पाठीवर घेऊन चालतो आणि सकाळी दोघेही मेलेले आढळतात. तिची पावले त्याच्या छातीशी धरलेली असतात, कारण त्याच्या देहाची अखेरची ऊब त्याने तिला दिलेली असते. स्थलांतरितांवरील दुसऱ्या एका कवितेत त्या स्वदेशीयांनाच जाब विचारतात : वीज आल्यावर जुने कंदील परसात टाकावेत, तसे आपण या माणसांना मनाबाहेर टाकले. राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांनी १९९५ मध्ये परदेशस्थ आयरिशांविषयी संसदेपुढे केलेल्या भाषणात याच कवितेचा आधार घेतला.

विसाव्या शतकात स्थलांतराचा मुख्य ओघ ब्रिटनकडे वळला आणि सुटीत घरी येणे शक्य झाले, तसे अमेरिकन वेक मागे पडले.